दुबे

रेशनकार्डावर आम्ही दुबे.
लोक विचारत, बनारसकडचे का?
बाबा म्हणत, हो, त्याच्याही थोडं पलीकडचे.

नाताळच्या साफसफाईत नाना पेठेतल्या पोटमाळ्यावरून
पत्र्याची ट्रंक खाली आली.
आत तीन पुस्तकं, फ्रेंच,
आमच्या आधी कसरीने वाचून काढलेली.

पहिल्या पानावरचं नाव मी वाचलं: दुबॉईस.
रानडे इन्स्टिट्यूटच्या संध्याकाळच्या वर्गात
सबनीस मॅडमनी ओठांचा चंबू करून दाखवला:
द्यु-ब्वा. शेवटचा स गिळायचा.
एकावन्नाव्या वर्षी मी स्वतःचं आडनाव
पाच वेळा घोकलं, सहाव्यांदा जमलं.
ब्वा म्हणजे रान, द्यु म्हणजे त्यातला.
मग आम्ही रानडेच की, मी म्हटलं.
वर्ग हसला.
मॅडम माहेरच्या रानडे, त्या हसल्या नाहीत.

स्वयंपाकाच्या पुस्तकात
कांद्याच्या सूपच्या पानावर तेलकट डाग.
समासात पेन्सिलीने, फ्रेंचमध्ये: लिंबं महाग.
त्याखाली कुणीतरी, बऱ्याच वर्षांनी, मराठीत:
आमसूल घाला.
रविवारी आत्या जे आंबटढाण कढण करायची
त्याला ती सूप म्हणायची, आणि मी लहानपणी
भिंतीवर टांगलेल्या सुपाकडे बघत जेवायचे.

प्रार्थनेच्या पुस्तकामागे कोरी पानं, सात तऱ्हेच्या शाया.
क्लोतिल्द, ने, खडकी.
आशिल, ने, जालना.
मार्गरीत, ने, आणि त्याच शाईत दुसरी तारीख,
नऊ दिवसांनंतरची.
प्रत्येक नावापुढे ने.
शब्दकोशात पाहिलं. जन्मलेला.

ससूनमध्ये बाबा शेवटचे तीन दिवस
ने, ने, एवढंच म्हणत होते.
मला वाटलं, घरी ने.
शेजारच्या खाटेवरचे म्हातारे म्हणाले,
तुम्हाला नाही, देवाला म्हणतायत.
बाबांना फ्रेंच येत नव्हतं.
निदान मला तरी तसंच वाटत होतं.
पण ट्रंकेची किल्ली निघाली
ती त्यांच्या गळ्यातल्या क्रुसाच्या दोऱ्यात.

शेवटच्या पानावर थोडी जागा आहे.
ऑगस्टिन, लिहिलं. ने, लिहिलं. पुणे.
दुसरी तारीख अजून लिहिलेली नाही,
पेन चांगलं चालतंय तरी.

खालची ओळ माझी.
बाईसाठी लिहिताना त्या शब्दाला
शेवटी आणखी एक अक्षर लावतात, मॅडम म्हणाल्या.
ते ऐकू येत नाही.