पासंग

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर लिहिलं:
अर्धा मिली, रोज एकदा.
'अर्धा'खाली दोन रेघा ओढल्या.
पोरगी तेव्हा दोन किलोला शंभर ग्रॅम कमी,
मनगटावरच्या पट्टीवर माझंच नाव,
तिला स्वतःचं असं अजून नव्हतंच.

मामंजी म्हणाले, माप माझ्याकडं द्या.

चाळीस वर्षं सांगलीच्या हळद पेठेत तोलारी.
सगळं यार्ड त्यांना यल्लाप्पा काटा म्हणायचं.
पोत्याला नुसता हात लावून सांगायचे, दीड किलो कमी आहे,
आणि असायचं.
आता त्या हातात काचेची नळी,
काडीएवढी, रबरी टोपीची.

पहिल्या दिवशी नुसत्या पाण्यावर सराव.
वाटीतून ओढलं, सोडलं. ओढलं, सोडलं.
मग दार लावलं, पंखा बंद केला,
काट्याला वारा लागू नये, ती जुनी सवय.
खिडकीशी उकिडवे बसले
रेघ डोळ्यासमोर येईस्तोवर.
"उभ्यानं बघितलं की माप खोटं बोलतं."
औषधाचा माथा मध्ये खचतो, कडांना चढतो.
"कड धरायची नाही, पोरी. खड्डा धरायचा."

अंगठा मात्र काचेपासून लांब.
का, ते मी विचारलं नव्हतं.
त्यांनीच सांगितलं, नळी उजेडात धरून,
माझ्याकडं न बघता:
एकदा, शेटजीनं डोळा मोडला म्हणून,
तासगावकडच्या एका बाईच्या चार पोत्यांना
वजनाच्या पारड्यावर अंगठा टेकवला होता.
टेकवला म्हणजे काय, ठेवला.
बाईला कळलं नाही.
काट्याला कळलं.

अठराव्या दिवशी बाटली संपली.
ह्यांनी स्टेशन रोडवरून दुसरी आणली.
खोकं तसंच, झाकण तसंच लाल,
नळीवरच्या रेघासुद्धा त्याच.
मी झाकण फोडलं.
"थांब."
भिंग घेऊन बारीक अक्षरं वाचत बसले,
ओठ हलत होते, दूध उतू गेलं, उठले नाहीत.
"पहिलीत मिलीला दहा होतं. हिच्यात पंचवीस."
हे म्हणाले, अर्धा मिली म्हणजे अर्धा मिलीच की, दादा.
"ओली हळद आणि वाळकी हळद
एकाच पायलीत भर. माप एकच भरंल.
माल एक का रं?"
आणि भिंतीकडं तोंड करून पुटपुटले
शाळेतली अडीचकी:
एक अडीचकं अडीच, दोन अडीचकं पाच.

फोनवर बाई एक क्षण गप्प.
मग म्हणाल्या, बरं झालं विचारलंत.
आता शून्य पूर्णांक दोन.
तेवढी रेघ त्या नळीवर नव्हतीच.
बिनसुईची एक मिलीची सिरिंज आणली,
बारीक बारीक रेघांची.
मामंजींनी ती आधी पाण्यावर घासून घेतली,
नवा काटा घ्यावा तशी,
दोन दिवस तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

गालाच्या आतून, थेंब थेंब.
पहिल्या थेंबाला ते 'एक' म्हणत नाहीत.
पेठेतल्यासारखं म्हणतात, लाभ.
मग दोन. मग तीन.
काही आत जातं,
काही ओठाच्या कडेनं परत येतं,
झबल्यावर गंजासारखा डाग.
"किती गेलं म्हणायचं, मामंजी?"
ह्याला त्यांच्याकडं पाढा नव्हता.
डागाकडं बघत राहिले.
"पुन्हा भरायचं नाही. आजचं एवढंच."

सोमवारी मिरजेत वजन.
नर्सनं पोरगी झबल्यासकट उचलली
तर हे मध्ये आडवे.
झबलं, टोपडं, दुपटं
आधी वेगळं ठेवायला लावलं पारड्यात.
"धडा करून घ्या, ताई."
तिला शब्द कळला नाही.
पण तिनं केलं,
आणि मामंजी वरच्या पंख्याखाली
छत्री उघडून उभे राहिले.