जवाच्या कणगीत बूट

गुतामा मास्तरांनी माझे बूट
जवाच्या कणगीत टाकले,
वर झाकण, झाकणावर दगड,
आणि म्हणाले, नऊ दिवस.
कारण मी विचारलं नाही. कारण त्यांच्या हातात होतं:
माझी वही, रोजची सकाळची नाडी,
अठ्ठावन्न, एकसष्ट, चौसष्ट.
मी झोपलेली असायचे
आणि काळीज चढण चढत असायचं.

बेकोजीत नऊ दिवस बसून राहणं म्हणजे काय
ते इथल्या पोरींना विचारा.
उजाडायच्या आत निलगिरीच्या रानातून
शंभर पावलं एका दमात जातात.
मी अंथरुणात, दार लावलेलं,
तरी पावलं ओळखू येतात.
ही बोंतू, डावा पाय घासते.
ही लेलिसे. माझ्या जागेवर, पुढून तिसरी.

दुसऱ्या रात्री मी अनवाणी निघाले.
कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.
पुलावर नडगी अशी ठणकली
की कठडा धरून खाली बसले.
सकाळी वहीत लिहिलं: सहासष्ट.
खोटं लिहावंसं वाटलं होतं.

बसून राहण्याला मला एकच शब्द ठाऊक होता,
अंग चोरणं.
आईला बसलेली मी एकदाच पाहिली, तापात,
आणि तेव्हाही ती येणाऱ्याजाणाऱ्याची
माफी मागत होती.

अस्कालेबाई, जिच्याकडे मी भाड्यानं राहते,
कॉफीचे हिरवे दाणे निवडता निवडता म्हणाली, बस इथं.
दाणे धुतले, भाजले,
धूर माझ्या तोंडाशी आणला, मग उखळात कुटले.
तास झाला, कपाचा पत्ता नाही.
पहिला कप कडूजहर. मी उठू लागले.
बस.
दुसरा, त्याच चोथ्यावर नवं पाणी.
बस.
तिसरा पार फिका. त्याला इथं बरका म्हणतात,
आशीर्वाद,
आणि उठून गेलेल्याला तो मिळत नाही.
तिसऱ्या कपाला ती बोलली,
समोरच्या आपल्या पट्टीबद्दल:
यंदा पड टाकलीय. लोक विचारतात, बी संपलं का गं?
बी आहे की.
जमिनीला विचारलं मी.

पाचव्या दिवशी झोप लागली, भर दुपारी,
तोंड उघडं, ओठांवर माशा.
सहाव्या दिवशी कळलं
की माझ्या श्वासाला एक टोक आहे,
तिथं तो आत नसतो, बाहेर नसतो,
जरा टेकतो,
आणि मग आपणहून येतो.
इतकी वर्षं मी त्याला ओढतच होते,
अडून बसलेलं गाढव ओढावं तसं.

छप्पन्न. बावन्न. एकोणपन्नास.
मास्तरांनी त्यापुढे काही लिहिलं नाही,
पेन्सिलीचं एक टिंब, दाबून.

नवव्या दिवसानंतरच्या पहाटे दगड उतरला.
बुटात पाय घातला तर टोचलं.
आत जव.
दोन्ही बूट उंबऱ्यावर उलटे केले, झटकले,
बोट घालून शिवणीतला एकेक दाणा काढला.
बाहेर पोरी निघाल्या होत्या.
लेलिसेनं हाक मारली.
आले, म्हटलं,
आणि बुटाची नाडी बांधली, हळू, दुहेरी गाठीची.

कोंबडी उंबऱ्यावर दाणे टिपत होती.
तिचं होईपर्यंत
मी तो ओलांडला नाही.