उणे अठरा

तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये एकतीस वर्षं
हे उणे अठराला उभे राहिले.
मे महिन्यातही दोन स्वेटर, माकडटोपी,
आणि घरी आले की बोटं माझ्या मानेवर टेकवायचे.
मुद्दाम.
मी किंचाळायचे.

रिटायर झाले आणि जुनी ओम्नी घेतली.
कोपरखैरण्याला नेऊन तिचं छत कापून आणलं,
वर ताडपत्री शिवून घेतली. दोन दांड्या उचलल्या
की आत माणूस ताठ उभा राहतो.

अजून कुठेच गेलेलो नाही आम्ही.
नेरूळलाच, सेक्टर अठरा, सोसायटीच्या मागच्या भिंतीशी,
सोनमोहराखाली. ताडपत्रीवर पिवळा सडा.
गाडी गार झाली की निघायचं, असं ठरलंय.

दुपारी दोन. आत बेचाळीस.
थर्मामीटर मटारच्या खोलीतला,
निरोपाच्या दिवशी ह्यांनी मागून घेतलेला.
उणेकडचे आकडे बघून बघून, पुसून पुसून पुसट झालेत,
अधिककडचे कोरे करकरीत.

आधी वाळ्याचे पडदे लावले, नागपूरच्या साडूंचा सल्ला.
गाडी देवघरासारखी घमघमली
आणि आम्ही आत मोदकासारखे उकडलो.
तिकडची हवा पाणी पिते, हे म्हणाले,
आपली आधीच ढेकर देते.

मग काचांना चंदेरी कागद, आतून.
चार दिवसांनी उमगलं, तो बाहेरून लावायचा:
ऊन एकदा उंबरा ओलांडून आलं
की चहा घेतल्याशिवाय जात नाही.

मग छताच्या वर चार बोटं सोडून पांढरी चादर.
माझी. लग्नातली. विचारलं नव्हतं.
ती चार बोटं महत्त्वाची, म्हणाले,
चादर चिकटली की संपलं.
सेक्रेटरी कुलथे येऊन बघून गेले:
इथे कपडे वाळत घालायला मनाई आहे.
वाळत नाहीये ती, ह्यांनी सांगितलं,
ड्यूटीवर आहे.

काल बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला.
मी म्हटलं, तोंड आत करा, जरा वारा लागेल.
ह्यांनी तोंड बाहेर केलं.
गारवा अशी वस्तूच नसते गं.
उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची.
एकतीस वर्षं तेवढंच केलं. हमाली.

मी जाळीच्या पलीकडे उभी होते,
पंखा माझ्या तोंडावर
आतली सगळी दुपार फेकत होता.
म्हणजे बाहेर कुठे टाकायचे ते,
आज कळलं.
दोन पोरं, सासूबाईंचं अंथरूण,
पहाटे साडेपाचचं पाणी, गॅसचा नंबर.
तिथेच होते मी,
भिंतीच्या त्या बाजूला, जिथे मशीनचा गरम वारा येतो.

बोलले नाही.
स्क्रू पडला होता तो उचलून दिला.

रात्री आतच झोपलो, तालीम म्हणून.
साडेदहाला खाडीकडून काहीतरी हललं.
हे उठले, पश्चिमेची चेन पूर्ण उघडली,
पूर्वेची अर्धी. वारा रुंद दाराने येऊ दे,
अरुंद दाराने जाऊ दे की आणखी एखादं असंच.
चिखलाचा वास आला, मग पानं वाजली.
पस्तीस. तेहतीस.
एक वाजता अठ्ठावीस.
टॉर्च मारून तीनदा वाचलं त्यांनी
आणि घोरायला लागले.

मला झोप येईना.
पायाशी थर्माकोलचं खोकं,
दिवाळ्याच्या बाजारातून आणलेला बर्फ,
किंचित बोंबलाचा वास.
मी हात आत घातला आणि ठेवून दिला,
बोटं माझी वाटेनाशी होईपर्यंत.
मग काढला. निथळू दिला नाही.
ह्यांच्या मानेवर टेकवला.
मुद्दाम.

ओरडले नाहीत.
डोळे न उघडता थोडा वेळ अंदाज घेतला,
मान हलवली नाही.
चार, म्हणाले.
अधिक चार.
दुधाची खोली.