झाकण

पीबल्सच्या चर्चमागचा हॉल, जानेवारी,
हीटरपेक्षा माणसांचीच ऊब जास्त.
एल्स्पेथबाईंनी मला सलगम सोलायला बसवलं,
"नर्स ना तू, हात चालतो तुझा."

पाइपवाल्याला सर्दी. तरी फुगवलीच त्यानं पिशवी,
सूर आधी कण्हला, मग उभा राहिला,
आणि त्याच्या मागोमाग परातीत वाफाळत आलं
मेंढीच्या पोटात शिजलेलं हॅगिस.
सगळे उठले, देव आल्यासारखे.
मला हसूच फुटलं. अगं, ही तर वजडी!
जालन्याला आई रविवारी शिजवायची,
दार लावून,
वास शेजारी जाऊ नये म्हणून.
इथं तिच्यापुढे वाजंत्री.

ड्यूगल्ड सुरी उगारून कविता म्हणतो,
एक्केचाळीस वर्षं तोच.
यंदा तिसऱ्या कडव्यात थांबला.
सुरी वर. ओठ हलतायत. शब्द नाही.
'चमचा' हा शब्द नोव्हेंबरात
मीच त्याला पुन्हा शिकवला होता,
तीन आठवडे लागले.
कुणी खोकलंसुद्धा नाही.
मग टेबलाखालून, नातीनं, इशबेलनं,
पुढचा शब्द हळूच सोडला,
जिन्यात कुणी दिवा लावावा तसा.
त्यानं तो उचलला,
आणि सुरी खाली आली.

मागाहून भांडी विसळताना एल्स्पेथबाई म्हणाल्या,
"कळलं का गं काही?"
निम्मी भाषा डोक्यावरून गेली होती.
मी उरलेलं हॅगिस डब्यात मागून घेतलं
आणि शेवटच्या बसनं घरी आले,
डबा मांडीवर,
झाकण न लावता.