उन्नीस-बीस

मानवतच्या कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेला
एकच खिडकी. पलीकडे जिनिंग.
ऑक्टोबरात कापसाच्या गाड्या लागल्या
की सरकीचा वास आत येतो, आणि तूस.
आज ते तबकडीवर बसलं,
मी खडूनं मारलेल्या रेघेवर.
रेघेला मिशा फुटल्या.

साठ सेंटिमीटर पितळेची तार, वर चिमट्यात घट्ट,
खाली दोन किलोची तबकडी.
जरा पिळायची, सोडायची. एवढंच.
तार लांब होत नाही, आखूड होत नाही,
बघणाऱ्याला काही झालंय असं वाटतही नाही;
आत मात्र थरावरून थर सरकतो
आणि परतायला बघतो.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणायची माझी चुलती,
बहुतेक माझ्याकडेच बघून.
तारेचं वेगळं. ती पीळ सोडते,
आणि सोडण्याच्या भरात
पलीकडे पिळली जाते.

माझं उत्तर आलं तीन पॉइंट दोन.
पुस्तकात तीन पॉइंट सहा.
शेजारचा वैजनाथ फड
मागल्या वर्षीच्या वहीतून तीन पॉइंट सहा उतरवून
केव्हाच चहाला गेला.

महेबूबचाचांनी माझ्या हातातून स्क्रूगेज घेतला,
जबडे मिटले, उजेडाकडे धरला.
"खाली हय ना? फिर तीन काय को बोलता?"
मधे काहीच नव्हतं, आणि ते तीन दाखवत होतं.
अर्ध्या केसाएवढं.
पण सूत्रात त्रिज्या चारदा स्वतःला गुणते;
शंभरात तीनची चूक
शंभरात बाराची होऊन बसते.

मग तार अकरा जागी मोजली,
प्रत्येक जागी आडवी, उभी.
ती कुठंच पुरती गोल नव्हती.
बत्तीस वर्षं पोरं पिळतायत, चाचा म्हणाले,
तार भी थकती.

सव्वातीनला लाइट गेली.
जिनिंग थांबलं. पंखा फिरत फिरत थांबला,
तेव्हा कळलं,
इतका वेळ तोही तबकडीला हळूच ढकलत होता.

पहिल्यांदाच खोलीत फक्त ती फिरत होती.
मी घड्याळ दाबलं.
चाचा मोठ्यानं मोजत होते, मी ओठांत.
त्यांचं सतरा, माझंही सतरा.
त्यांचं अठारा, माझं अठरा.
उन्नीस, एकोणीस.
मिशीवाली रेघ समोरून गेली.
बीस. वीस.
एकशे अडुसष्ट सेकंद.

खिडकीपाशी बसून पुन्हा हिशोब केला.
तीन पॉइंट चार.
"सहा नाही आले," मी म्हटलं.
चाचांनी चष्मा वर करून वही पाहिली.
"उन्नीस-बीस हय," म्हणाले,
आणि जिन्याखाली कुलूप शोधायला गेले.

चारच लिहिलं. शाईनं.
तबकडी अजून थांबली नव्हती,
डावीकडे, उजवीकडे, जरा कमी, आणखी जरा कमी,
तूस घेऊन.