टाच

आडनाव लोकरी,
आणि लोकर हातात धरली ती एकोणसत्तराव्या वर्षी.
वडगावात हे ऐकून जो हसला नाही
तो बहुतेक माझ्यासारखाच बहिरा असणार.

चव्वेचाळीस वर्षं चार मागांच्या मधे उभा होतो.
साड्या लांब लांब गेल्या,
कान तिथंच राहिले.
आता माग भंगारात गेले, किलोच्या भावानं,
आणि डिसेंबरात येळ्ळूरच्या शिवारावरनं वारं सुटतं
ते थेट आत शिरतं.
ऐकू येत नाही. पण ठणकतं.

समोरच्या निंगव्वाला मराठी येतं बाजारापुरतं,
मला कन्नड तेवढंच.
खासबागच्या रविवारच्या बाजारातनं तिनं
विटकरी लोकरीचे दोन गुंडे आणले
आणि दहा नंबरच्या सुया.
बोलली काहीतरी.
मी तिचे हात बघत बसलो.

ऐंशी टाके घालायचे.
दोन सुलट, दोन उलट,
म्हणजे काठ ताणला तरी परत मिटतो.
धागा आवळायचा नाही, हे तिनं
माझ्या मनगटावर चापट मारून सांगितलं.
सुई टाक्यात शिरेना.
जन्मभर ताण धरलेला माणूस मी,
सैल सोडायला कुणी शिकवलंच नव्हतं.

ताणा नाही, बाणा नाही,
एकच धागा
स्वतःच्याच फासातनं स्वतःला ओढून काढणारा.
मागावर तुटलं की गाठ मारायची, पुढं जायचं.
इथं चुकलं की
"बिच्चरी," निंगव्वा म्हणते.
उसवा.
तिच्या ओठांवरनं मला वाचता येतो
असा हा एकच शब्द.

मोजताना घोळ होतो.
एक, दोन, मूरु, नाल्कु,
आणि ऐंशीचे एकोणऐंशी.
हरवलेला टाका शोधावा तर तो
शिडीवरनं उतरावा तसा
सात ओळी खाली जाऊन बसलेला.

मग इतकं सैल सोडलं
की पहिली टोपी घागरीला बसली.
द्रौपदानं तिच्यात रात्री दह्याचं पातेलं ठेवलं.
थंडीत आठ दिवस दही लागत नव्हतं,
त्या रात्री लागलं, सुरीनं कापावं असं.
गल्लीतल्या दोघी वाटी घेऊन आल्या.

दुसरी टोपी माझी. कानांवरनं खाली येते.
पहाटे कट्ट्यावर बसलो तर
पेपर टाकणारा पोरगा विचारतो, "काय करायलास मामा?"
असंच विचारत असणार.
"विणायलोय की," मी म्हणतो,
आणि माझा आवाज किती मोठा निघाला
ते त्याच्या तोंडावर कळतं.

अंगणात सडा घालून निंगव्वा पायरी चढते
तेव्हा दगडावर ओला पाय उमटतो.
टाचेपाशी भेगांच्या कोरड्या रेघा.
ऊन यायच्या आत मी सुई धरून माप घेतलं:
सुईपेक्षा बोटभर कमी.
द्रौपदा दारातनं बघत होती.
काही म्हणाली असेल.

मोजा चार सुयांवर.
नडगी सरळ जाते, नळीसारखी.
टाच आली की निम्मे टाके थांबवून ठेवायचे,
उरलेल्या निम्म्यांवर जायचं-यायचं,
दर खेपेला एक टाका अलीकडनंच परतायचं.
शेवटापर्यंत जायचं नाही,
तेव्हाच वळण येतं.
हे मी तिलाच विचारून शिकलो,
कुणासाठी ते न सांगता.

काल पहिला मोजा तिच्या हातात दिला.
तिनं आत मूठ घातली, उजेडाकडं धरला,
टाचेवर तीन भोकं, तिची तीन बोटं बाहेर.
हसली.
आणि ओठ हलले, तोच शब्द.

उसवलं.
लोकर सरळ होईना,
प्रत्येक टाक्याची कुरळी आठवण धरून गुंड्यावर चढली.
संक्रांतीला सहा दिवस आहेत, पाय दोन.
द्रौपदानं दिवा जवळ सरकवलाय.
ओंदु, दोन,
मूरु