चाळिसावा दाणा

पेलोतासमध्ये जुलै म्हणजे हाडं गोठवणारी थंडी.
इव्होनीच्या स्वयंपाकघरात शनिवारी आम्ही चौघं,
शेगडीकडे पाठ करून.

दुकानात काचेआड एक घोडेस्वार होता,
बोटाएवढा. त्याची किंमत वाचून
जुरांदिर म्हणाला, एवढ्यात माझ्या स्कूटरचं टायर येतं.

मग इव्होनी झाली शर्टाचं निळं बटण.
जुरांदिर, बिअरचं झाकण, जरा वाकलेलं;
जुनी जखम आहे म्हणतो.
ओलिव्हियोचं रोज वेगळंच: कधी खोडरबर, कधी लवंग.
ड्रॅगन म्हणजे बूच काढायचा स्क्रू,
दांडे वर केले की पंख.
आणि गॉब्लिन? काळ्या घेवड्याचे चाळीस दाणे,
रविवारच्या जेवणातून मोजून उसने.

फासा घरंगळला. वीस!
झाकणानं एका दमात सहा दाणे आडवे केले.
आडवे म्हणजे काय, घेवडा आडवाच असतो,
पण ओरडलो सगळे.

रात्री बरणीत भरताना एकोणचाळीस.
फ्रिजखाली वाकून पाहिलं, चपला झटकल्या.
इव्होनीची आई म्हणाली,
एका दाण्यावाचून कुणी उपाशी मरत नाही, घरी जा आता.

पुढच्या शनिवारी जुरांदिरनं तो खिशातून काढला.
शरण आला होता, एवढंच बोलला.
नेलपॉलिशचे दोन पांढरे डोळे,
एक मोठा, एक फिसकटलेला.

आता तो शिजवता येत नाही.
मारायलाही कुणी धजत नाही.
नकाशाच्या कडेला, मीठदाणीपाशी बसवलाय,
आणि दर डावाला कुणीतरी विचारतंच,
ह्याची पाळी कधी?